फट

शिवडीच्या गाळ्यात तिची लाल कातडी
मी उतरवून ठेवली आहे जुन्या चादरीवर.
आत पाहावं तर परांची.
नळीला नळी तिरकी भिडलेली,
बांबूच्या जागी पोलाद, सुतळीच्या जागी वेल्डिंग,
आणि तिच्यात लोंबकळणारं इंजिन.
मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं,
एका खांद्यावर पखाल घ्यावी तसं.

सिलिंडर दोनच.
एक उभा, दुसरा पुढच्या चाकाकडे पाय पसरून आडवा,
मधे काटकोन.
एकाचा हिसका दुसरा गिळतो,
तोलासाठी वेगळं वजन टांगावं लागत नाही.
ठोके मात्र सारखे नाहीत.
धड-धड.
                  धड-धड.
इर्शाद म्हणतो, उस्ताद, लंगडते ही.
लंगडत नाही रे. चालच तशी आहे तिची.

इतर गाड्यांत व्हॉल्व्ह मिटायला स्प्रिंग असते.
अकरा हजार फेऱ्यांवर स्प्रिंग दमते,
दार उघडं राहतं
आणि वर येणारा पिस्टन त्यावर कपाळ फोडून घेतो.
ही स्प्रिंगच्या भरवशावर नाही.
उघडणारा हात वेगळा, मिटणारा वेगळा,
सेकंदाला नव्वद वेळा.
उघडणाऱ्याची फट दोन केसांएवढी.
मिटणाऱ्याची,
आहे म्हणावी तर आहे.

आठ व्हॉल्व्ह, सोळा शिम.
पंधरा बसल्या.
सोळावी इटलीहून निघालेली, सहारच्या कस्टममध्ये पडून.
शेवटी गोदीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आंगचेकर आले,
पॉलिश-पेपरवर पाण्याचा थेंब टाकून
जाडी शिम घासत बसले, चहा निवला तरी.
मायक्रोमीटर त्यांनी मागाहून लावला.
आधी नखावरून फिरवली.
म्हणाले, अजून जरा. मग म्हणाले, बास.

गाडी ओवळेकरबाईंची.
बंदरात पायलट आहेत, जहाजांच्या.
भर समुद्रात दोरीच्या शिडीनं चढतात
आणि तीनशे मीटरचं धूड धक्क्याला आणून लावतात.
मी विचारलं, एवढी दोनशे सत्तरला जाणारी गाडी
चालवता कुठे?
सागरी सेतूवर दुचाकीला बंदी.
फ्रीवेवर बंदी, तो तर आपल्या डोक्यावरूनच जातो.
किनाऱ्याच्या नव्या रस्त्यावर बंदी.
सायनच्या सिग्नलला मागचा सिलिंडर
मांडीखाली तव्यासारखा तापतो.
त्या हसल्या.
माझ्या हाताखाली साठ हजार घोडे असतात, म्हणाल्या,
आणि मी सगळा वेळ
हळू, अजून हळू, एवढंच सांगते.

पहाटे साडेचारला स्टार्टर दाबला.
कोरडा क्लच वाजू लागला,
डब्यात चमचे खुळखुळावे तसा.
बाई एकट्या निघाल्या. सीट एकाचीच.
मी आणि इर्शाद शटरशी उभे राहून
कानांनी मागे गेलो:
गोदामांच्या भिंतींवरून परतणारा पहिला गियर,
लांबत जाणारा, पुलापाशी किंचित उघडलेला,
मग दुसरा.
तिथे एक कंटेनर ट्रक आडवा आला असावा,
कारण आवाज एकदम खाली उतरला
आणि पुन्हा ती दोन पावलं, थांबा, दोन पावलं.
इर्शाद बोटं मोजत होता. दोनवर थांबला.

वीस मिनिटांनी आल्या. हेल्मेट काढलं,
केस कपाळाला चिकटलेले, पंखा गरगरतोय.
कशी वाटली?
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग हातमोजा काढून टाकीवर तळवा ठेवला.
तिसरा लागलाच नाही, म्हणाल्या,
पण मिटताना कुठेच अडत नाही आता.

इर्शाद फीलर गेज घेऊन धावला,
फट परत मोजायला.
त्याला थांबवलं.
गरम इंजिनाची फट खोटी असते.
दुपारपर्यंत थंड होऊ दे.